राखेखालचा विस्तव



पोलादपूर तालुक्यातलं कुडपण हे माझं गाव. रायगड जिल्हा तिथे संपतो. एका अंगाला सातारा, दुसऱ्या अंगाला रत्नागिरी. भीमाची काठी नावाचा सुळका आणि तिथला धबधबा पाहायला आता पावसाळ्यात गाड्या भरभरून माणसं येतात. मी मात्र आज बोलणार आहे आमच्या घरातल्या चुलीविषयी, आणि तिच्या राखेखाली रात्रभर जागणाऱ्या विस्तवाविषयी.

आषाढात आमच्याकडे ढग आभाळात राहत नाही, सरळ ओटीवर येऊन बसतो. मिठाला पाणी सुटतं, अंथरुणं ओलसर लागतात, आणि काडेपेटीतल्या काड्या अशा सर्दावतात की कितीही घासा, नुसतं गुल पुसलं जातं. म्हणून रात्रीच्या भाकऱ्या झाल्या की आजी जळता ओंडा मागे ओढायची, निखारे चुलीच्या पोटात एका जागी गोळा करायची आणि वरून राख पसरायची. झोपलेल्या पोराच्या अंगावर गोधडी सारखी करावी, तितक्या हलक्या हाताने. पहाटे चिमट्याने राख बाजूला केली की आत दोन-तीन निखारे लाल असायचे. त्यांवर गोवरीचा तुकडा, मूठभर सुका पाचोळा, मग फुंकणी. घरभर धूर झाला की आम्हा पोरांची सकाळ.

कधी विस्तव विझलेलाच असायचा. मग आजी माझ्या हातात राख घातलेली करवंटी द्यायची आणि म्हणायची, ‘जा, काकीकडनं विस्तव आण.’ डोक्यावर इरलं, इरल्याखाली पोटाशी धरलेली करवंटी. पावसातून निखारा आणायचा तो असा. एका वर्षी बांधावरून आमचं आणि चुलत्यांचं बोलणं बंद होतं. मोठी माणसं एकमेकांच्या दारावरून मान वळवून जायची. पण विस्तवाला कुणी नाही म्हटलं नाही. काकी निखारा द्यायची आणि सोबत गुळाचा खडा माझ्या तोंडात टाकायची. भांडण मिटायला दिवाळी उजाडली, पण गूळ सगळा पावसाळाभर मिळाला.

वडील, आमचे आबा, मुंबईला गिरणीत, साचाखात्यात म्हणजे मागांवर होते. आमच्या भागातल्या कितीतरी घरांची हीच कथा. लालबागच्या चाळीत गावाची एक खोली होती. गावची माणसं तिथे पाळीप्रमाणे झोपायची आणि खानावळीत जेवायची. वर्षातून दोनदा, शिमग्याला आणि गणपतीला, आबा घरी यायचे. तेवढ्या दिवसांत ते पाहुण्यासारखे वाटायचे. नवा शर्ट, पिशवीत मुंबईचा खाऊ, आणि त्यांना पहिली भाकरी वाढायची आईची धांदल.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. डॉ. दत्ता सामंत त्याचे नेते. अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि त्यांतले कितीतरी गावाकडे परतले. आबाही आले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो.

तो पावसाळा मी विसरू शकत नाही. आयुष्यात पहिल्यांदा वडील लावणीला घरी होते. चिखलणी करताना पाय घसरून पडले आणि उठून हसले. वडिलांना हसताना मी त्याआधी फारसं पाहिलं नव्हतं. साचाखात्याच्या खडखडाटाने त्यांचे कान मंद झाले होते, म्हणून आईला त्यांच्याशी मोठ्याने बोलावं लागायचं. त्यामुळे आमचे आईवडील एकमेकांशी काय बोलतात ते आम्हा भावंडांना त्या वर्षी पहिल्यांदा ऐकू आलं. भात कसं उभं राहिलंय, म्हशीला काय झालंय, थोरलीच्या लग्नाचं काय करायचं. संध्याकाळी आबा चुलीपुढे बसायचे. तव्यावरची नाचणीची भाकरी आई वैलाशी उभी करायची, ती फुगली की थेट त्यांच्या हातात. वर कुळथाचं पिठलं. चटका बसला तरी ते भाकरी खाली ठेवत नसत.

ते दिवस हलाखीचे होते, हे कळायला मला पुढची कितीतरी वर्षं लागली. पैसे येणं बंद झालं होतं. आईच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ त्याच वर्षी गेली, आणि ती परत आली नाही. पण संपाचं साल कुणी काढलं की माझ्यासमोर वाफाळती भाकरी धरलेले आबांचे हात उभे राहतात. आई गेली त्याआधी एकदा मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, ‘माझ्या पण.’

नात्यांचा विषय निघालाच आहे, तर शेलारमामांची आठवण काढतो. शेलारमामा कुडपणचे, असं आमचं गाव मानतं. तानाजी मालुसऱ्यांचं उमरठही पोलादपूर तालुक्यातलंच. लेकाचं, रायबाचं लग्न बाजूला ठेवून तानाजी कोंढाण्यावर गेले आणि म्हातारे शेलारमामा त्यांच्याबरोबर गेले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मला मात्र एका गोष्टीचं फार वाटतं. इतका मोठा लढवय्या, पण महाराष्ट्र त्यांना कोणत्या नावाने ओळखतो? मामा! पदवी नाही, हुद्दा नाही, नुसतं नातं. साडेतीनशे वर्षं टिकलं ते हेच.

नात्याचं हे बळ मला पुन्हा कळलं ते २२ जुलै २०२१ नंतर. त्या दिवशी महाडजवळ तळियेवर डोंगर कोसळला. आमच्या तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर दरड आली. चुलींसकट घरंच्या घरं मातीखाली गेली. मी डोंबिवलीत टीव्हीपुढे बसून होतो आणि गावाला फोन लागत नव्हता. दोन दिवस लागला नाही. तिसऱ्या दिवशी काकीचा आवाज आला. तीच काकी, आता ऐंशीच्या घरातली. मी नुसताच ‘काकी, काकी’ करत राहिलो. ती म्हणाली, ‘आम्ही हाव सगळी. विस्तव हाय घरात. तू जेवलास का?’

फोन ठेवल्यावर मी बायकोला म्हटलं, वाढ. दोन दिवसांनी घास गोड लागला.

आज गावात बरीच घरं कुलूपबंद असतात. त्यांतल्या काहींच्या किल्ल्या काकीच्या खुंटीला आहेत. सणावाराला ती त्या घरांतून जाऊन देवापुढे दिवा लावून येते. तिच्याकडे गॅस आला आहे, चहा त्यावर होतो. भाकरी मात्र चुलीवर.

गेल्या गणपतीत आम्ही सगळे गेलो होतो. रानातून तेरडा आणला, गौर बसवली, बायकांनी रात्री उशिरापर्यंत फेर धरला. दुसऱ्या दिवशी पहाटे माझी धाकटी मुलगी दिसेना म्हणून शोधत काकीच्या घरी गेलो. ती चुलीपुढे उकिडवी बसली होती. केसांत राख, डोळ्यांत धुराचं पाणी, दोन्ही हातांत फुंकणी. काकी मागून तिचा खांदा धरून सांगत होती, ‘जोरात न्हाय गं बाय, राख उडंल. हळू. हळू फुंक.’