योग्य नादाचा सॅक्सोफोन
(ज्युबिलीच्या सभेत केलेले भाषण)



ज्युबिलीच्या वर्गणीतून बॅण्डकरिता एक अल्टो सॅक्सोफोन घ्यावा, असे ठरले आहे. तो वाजविणाऱ्या तरुणास शिकाऊ वाद्य आता अपुरे पडते. मधल्या प्रतीचे हवे. ही वर्गणी घामाची आहे. म्हणून निवडीविषयी आम्ही चार शब्द सांगू इच्छितो.

बेल्जियमच्या अडॉल्फ साक्सने हे वाद्य निर्मून १८४६ साली पॅरिस येथे त्याचे पेटंट घेतले. अंग पितळेचे असूनही त्याचे कूळ क्लॅरिनेटचे. कारण नाद उठतो तो रीडच्या पातळ पट्टीच्या कंपनाने. तेव्हा चकाकीवर भुलू नये. रीड, माऊथपीस व वादकाचा श्वास यांवरच गोडवा बहुतांशी अवलंबून असतो. कद्री गोपालनाथ यांनी म्हैसूरच्या राजवाड्यातील बॅण्डमध्ये हे वाद्य ऐकले, वर्षानुवर्षे साधना करून त्यातून कर्नाटक संगीत उमटविले, आणि १९९४ साली लंडनच्या प्रॉम्समध्ये ते ऐकविले. श्वासाचे सामर्थ्य ते हे!

मग अधिक पैसे कशासाठी? चाव्यांच्या जुळणीसाठी व स्वरांच्या एकसारखेपणासाठी. यामाहाच्या अल्टोंत २८० हे शिकाऊ, ४८० मधल्या प्रतीचे व ६२ व्यावसायिकाचे गणले जाते. परंतु आकडा पाहून नव्हे, कानाने निवडावे.

परीक्षा अशी करावी. प्रत्येक वाद्यास आपलाच माऊथपीस व आपलीच रीड लावावी, म्हणजे फरक वाद्याचाच कळेल. सर्वांत खालचा बी-फ्लॅट हळुवार फुंकावा. तो अडखळल्यास गाद्यांतून हवा गळते की काय, ते पाहावे. अंधारात नळीत दिवा सोडल्यास फट दिसते. मधला सी-शार्प उघड्या नळीचा, लगतचा डी जवळजवळ बंद नळीचा. या दोहोंत एक पातळ व दुसरा कोंडलेला वाटू नये. वादकाने वाजवावे आणि दुसऱ्याने दूर उभे राहून ऐकावे.

आपल्या नागपूरच्या उन्हाळ्यात हवा तापली की स्वर चढतो; तो उतरविण्यास माऊथपीस बुचावर बाहेर ओढावा लागतो. तितकी जागा उरते ना, हेही पाहावे.

आता मुख्य गोष्ट. दहावे पायस यांनी १९०३ साली देवालयात बॅण्ड वर्ज्य केला. बाहेरच्या मिरवणुकीस बिशपांच्या अनुमतीने मुभा ठेविली. १९६३ साली व्हॅटिकन परिषदेने, उपासनेस साजेशी व श्रद्धावंतांच्या उन्नतीस साहाय्यक ठरणारी अन्य वाद्येही अधिकाऱ्यांच्या संमतीने घेता येतील, असे सांगितले. म्हणून योग्य नाद तोच, ज्याच्या आधाराने मागच्या बाकावरील आजीबाईही गाऊ लागतील. जो नाद लोकांचे गायन बुडवितो, तो कितीही मधुर असो, आपल्या कामाचा नव्हे.

सबब निवड वादकाने व गायनमास्तरांनी मिळून करावी, आणि काही रक्कम रीड व दुरुस्तीसाठी राखावी. वाद्य एकाच्या हाती असेल. श्वास मात्र सर्वांच्या स्तुतीचा असो.