मोटारीची किल्ली : एका आलिशान गाडीच्या निमित्ताने
(वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मोटारदुरुस्तीच्या धंद्यात केस पांढरे केलेल्या माझ्यासारख्या माणसाला व्याख्यानास उभे करण्याचे धाडस आपल्या चिटणीसांनी केले आहे. ‘काही तरी यंत्रांविषयी बोला’ एवढीच त्यांची सूचना होती. इंजिनाविषयी बोलू लागलो तर मंडळींचे लक्ष पंगतीकडे जाईल, हे मी जाणतो. म्हणून आपल्यापैकी कित्येकांच्या खिशात या क्षणी असलेल्या एका लहानशा वस्तूविषयी बोलावे, असे ठरविले. ती वस्तू म्हणजे मोटारीची किल्ली.

उदाहरणादाखल मर्सिडीज-बेंझ कंपनीची एस-क्लास ही गाडी घेतो. ती फारच थोड्यांच्या दारी उभी राहते. परंतु जे तिच्यात आज येते ते पुढे साध्या मोटारीत उतरते, असा आजवरचा अनुभव आहे. शिवाय ती अगदीच परकी नव्हे. पुणे जिल्ह्यात चाकण येथे तिची जुळणी होते.

या गाडीचे पूर्वज १९५० नंतरच्या दशकातले. १९५९ च्या पिढीत बेला बॅरेनी या अभियंत्याची कल्पना प्रत्यक्षात आली : धडक बसली असता गाडीचा पुढचा आणि मागचा भाग चुरगळावा, पण माणसे बसतात तो मधला भाग शाबूत राहावा. ‘एस-क्लास’ हे नाव अधिकृतपणे मिळाले ते १९७२ साली. ‘एस’ म्हणजे जर्मन भाषेतील ‘झोंडरक्लासे’, अर्थात विशेष श्रेणी. १९७८ मध्ये ब्रेक दाबल्यावर चाके अडकू न देणारी योजना आणि १९८१ मध्ये चालकासाठी हवेची पिशवी या गाडीत मिळू लागली. १९९१ ची गाडी तर दुहेरी काचांची आणि इतकी अवाढव्य, की खुद्द जर्मनीत तिच्या आकारावर टीका झाली. असो. गाडीची ही कीर्ती आपण अन्यत्र वाचली असेल. मला सांगावयाचे आहे ते तिच्या किल्लीविषयी.

१९७२ च्या गाडीची किल्ली म्हणजे कडेला दाते कापलेले धातूचे पाते. पुण्याच्या बोहरी आळीत त्या काळी कानस घेऊन बसणारा कोणताही कसबी कारागीर तशी दुसरी किल्ली चहा थंड होण्यापूर्वी करून देई. मी स्वतः उमेदवारीच्या दिवसांत अशा एका कारागिराजवळ बसून ती विद्या थोडीशी शिकलो. नमुन्याची किल्ली आणि कोरी किल्ली एकाच शेगड्यात धरावयाची, आणि हाताला सांगावयाचे, ‘हळू’. पुढच्या पिढीत पात्याच्या सपाट अंगावर नागमोडी खाच आली. त्यासाठी कानस पुरेना, यंत्र लागू लागले. दारे निर्वात नळ्यांच्या योगाने एकदम बंद होऊ लागली. तरीही किल्ली ही धातूची वस्तूच होती. ज्याच्या हाती ती, त्याची गाडी.

यात खरा पालट झाला तो १९९० नंतर. पूर्व युरोपच्या सीमा खुल्या झाल्या आणि जर्मनीत मोटारींच्या चोऱ्या वाढल्या. विमा कंपन्या त्रस्त झाल्या. अखेरीस युरोपीय संघाने १९९५ मध्ये निर्देश काढला आणि ऑक्टोबर १९९८ पासून नव्या मोटारींत इंजिन अडवून धरणारी विद्युत्-योजना सक्तीची केली. त्याच वर्षी आलेल्या एस-क्लासची किल्ली पाहून आम्ही कारागीर मंडळी चकित झालो. तिला पातेच नव्हते! काळ्या प्लास्टिकची ती डबी एका खाचेत घालावयाची. मग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात गाडी प्रश्न करते आणि किल्ली उत्तर देते. दर खेपेस प्रश्न निराळा आणि उत्तरही निराळे. किल्लीतील घट संपला असला तरी खाच स्वतःच तिला शक्ती पुरविते. गाडीच्या स्मृतीत अशा आठ किल्ल्यांची जागा असते, आणि हरवलेली किल्ली तेवढी रद्द करता येते.

म्हणजे किल्ली ही आता वस्तू राहिली नाही. ती ओळख झाली. ओळख पटविणारा जो असेल, त्याच्या हाती आपली गाडी गेली. याचा अर्थ मला एका प्रसंगाने समजला.

आमच्या नात्यातील एका गृहस्थांनी एक महागडी परदेशी सेडान जुनी म्हणून विकत घेतली. कोणत्या कंपनीची, ते येथे सांगत नाही. विकणाऱ्याने एकच किल्ली दिली. ‘दुसरी मागाहून पाठवितो’ म्हणाला, ती कधीच आली नाही. वर्षभरात ते गृहस्थ अकस्मात वारले. अस्थिविसर्जनासाठी मुलगा कोकणात समुद्रावर गेला, आणि पाण्यात वाकला असता सदऱ्याच्या खिशातून किल्ली लाटेत गेली. गाडी ओढून शहरात आणली. कार्यशाळेत सांगण्यात आले, ‘मालकांना घेऊन या.’ मालक तर राहिले नव्हते! मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, नोंदणीपुस्तकावर नाव बदलणे, मग किल्लीची मागणी : दोन महिने गाडी धूळ खात उभी राहिली.

या अवधीत कोणी एक इसम वहिनींना भेटला. कागद नकोत, एका रात्रीत किल्ली करून देतो, म्हणाला. वहिनींनी मला विचारले, “भाऊजी, काय करू?” मी नको म्हणालो. कागद न पाहता जो तुम्हांस किल्ली देतो, तो उद्या चोरालाही देईल. माझे उत्तर योग्यच होते, असे मी आजही मानतो. पण दोन महिने त्यांना पावसात रिक्षाची वाट पाहताना मी पाहिले आहे, आणि ते मला विसरता येत नाही.

तर मग मधला मार्ग नाही काय? अमेरिकेत तो आहे. तेथे ओळख व चारित्र्य तपासून किल्ली-कारागिरांची नोंद होते, आणि नोंदलेल्या कारागिराला सांकेतिक माहिती मिळते. आपल्याकडे २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने सुटे भाग व तपासणीची साधने बाहेरच्या कारागिरांना नाकारल्याबद्दल १४ मोटार कंपन्यांना दोषी ठरविले; २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. किल्लीच्या कारागिराची नोंद मात्र या दोहोंत कोठे नाही. बोहरी आळीतल्या माझ्या त्या गुरूचा नातू हुशार आहे, यंत्रेही त्याच्याजवळ आहेत; पण तो प्रामाणिक आहे हे सांगणारा कागद त्याला कोणी देत नाही.

आता नवी किल्ली खिशातून काढावीही लागत नाही. गाडी मंद लहरींनी साद घालते, किल्ली ओ देते, दार उघडते. सोय मोठी, पण २०११ मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर प्रयोग करून दाखविले, की संकेत न फोडताही हे कुलूप फसते. एक जण घराच्या दाराशी उभा राहतो, दुसरा गाडीपाशी. मधल्या मध्ये साद आणि ओ तेवढी पोहोचवावयाची. किल्लीला वाटते, गाडी जवळच आहे. म्हणून अशी किल्ली दाराजवळच्या खुंटीवर टांगू नये. पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. मर्सिडीजच्या अलीकडच्या अनेक गाड्यांत कुलपाचे बटण लागोपाठ दोनदा दाबले असता किल्ली ओ देण्याचे थांबते.

आणखी दोन गोष्टी घरी गेल्यावर कराव्यात. जुनी गाडी घेताना दोन्ही किल्ल्या हाती आल्याखेरीज पैसे चुकते करू नयेत. गाडी चोरीस गेल्यास विमा कंपन्याही दोन्ही किल्ल्या मागतात. आणि २०२१ पासून नोंदणीपुस्तकात आपल्या पश्चात गाडी कोणाकडे जावी, त्याचे नाव घालता येते, ते घालावे. वहिनींच्या घरी हे ठाऊक असते तर त्यांचा निम्मा त्रास वाचला असता.

शेवटी एक विनंती. या प्लास्टिकच्या डबीच्या पोटात बहुधा एक लहानशी धातूची किल्ली दडविलेली असते. घट संपला तर दार तिनेच उघडते. पुष्कळ मालकांना ती आहे हेच माहीत नसते. चहापानाच्या वेळी मी उजवीकडच्या टेबलापाशी बसलो आहे. आपापल्या किल्ल्या घेऊन यावे. ती कशी काढावयाची ते दाखवितो.