दाखला, नकाशा आणि प्रश्न

(स्कोफिल्ड्स येथे पालकांसमोर केलेले भाषण)



मुलांना बाबासाहेबांची जयंती ठाऊक आहे, बाबासाहेब ठाऊक नाहीत, अशी तक्रार आम्ही पालक नेहमी करतो. परंतु हा दोष मुलांचा नव्हे. आम्ही त्यांच्या हाती सनावळी दिली, पुरावा दिला नाही. जयघोष शिकविला, प्रश्न विचारण्यास शिकविले नाही. केवळ परंपरेने चालत आले, ग्रंथात लिहिले वा गुरूने सांगितले एवढ्यावरून काहीही स्वीकारू नका, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला होता. इतिहासाच्या वर्गालाही तो तितकाच लागू आहे.

म्हणून प्राथमिक वर्गातील मुलांसाठी आम्ही एक पाठ सुचवितो. प्रथम मुलांसमोर शाळेच्या रजिस्टरमधील एक नोंद ठेवावी. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या छत्रपती प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, भिवा रामजी आंबेडकर या विद्यार्थ्याचे नाव 1914 या क्रमांकावर दाखल झाले. या नोंदीतून काय कळते आणि काय कळत नाही, हे मुलांनाच शोधू द्यावे. तो मुलगा वर्गात कोठे बसत असे, तहान लागल्यावर पाणी कोण देत असे, याविषयी रजिस्टर मौन पाळते.

ते मौन बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनाने मोडते. 1901 साली गोरेगावी नोकरीस असलेल्या वडिलांना भेटण्यास ही भावंडे निघाली आणि मसूर स्टेशनावर उतरली. जात कळताच कोणी गाडीवान त्यांना नेईना. अखेर दुप्पट भाडे ठरले. मुलांनी स्वतः बैलगाडी हाकली आणि गाडीवान पायी चालला. जवळ अन्न होते, पण पाण्यावाचून ते खाता आले नाही. मुलांनी हा प्रवास नकाशावर रेखाटावा आणि प्रत्येक टप्प्यावर एक प्रश्न लिहावा. मात्र कोणत्याही मुलास गोणपाटावर बसवून त्या अपमानाचे नाट्य करू नये. कृतीतून शिक्षण म्हणजे पुराव्याची छाननी, वेदनेचा प्रयोग नव्हे.

दुसरा पाठ आमच्या दाराशीच आहे. गव्हर्नर मॅक्वारी यांनी परमॅटा येथे सुरू केलेली आदिवासी मुलांची शाळा, 'नेटिव्ह इन्स्टिट्यूशन', 1823 साली ब्लॅकटाऊन येथे, रिचमंड रस्त्यालगत हलविण्यात आली. तेथे मुलांना शिक्षण मिळे, पण आईबापांपासून तोडून. 1819 च्या परीक्षेत सुमारे शंभर युरोपीय मुलांच्या स्पर्धेत एका आदिवासी मुलीने मुख्य पारितोषिक मिळविल्याचे 'सिडनी गॅझेट'ने छापले. तिचे नाव मात्र छापले नाही. ती मारिया लॉक असावी, असे पुढे मानले गेले. साताऱ्याच्या रजिस्टरात नाव आहे, पण वागणूक नाही. सिडनीच्या बातमीत यश आहे, पण नाव नाही. नोंद कोणी केली, कोणासाठी केली आणि काय गाळले, हे आमची मुले दोन्ही कागदांना विचारू शकतील. 2018 मध्ये ती जागा दारुग लोकांना परत मिळाली. मुलांना घेऊन त्या परिसरात अवश्य जावे.

बंधुभगिनींनो, या अभ्यासाची खरी कसोटी घरी लागणार आहे. "आई, तेव्हा आपण कोण होतो?" असे मूल विचारील. जातीचा उल्लेख टाळला की जात नाहीशी होते, असे समजून आमच्यापैकी अनेकांनी आजवर मौन पाळले. पण ज्या मुलास उत्तर घरी मिळत नाही, त्याला ते परक्याच्या तोंडून, बहुधा हेटाळणीच्या सुरात ऐकावे लागते. त्याआधी आपण खरे सांगू या. आजीआजोबांच्या आठवणी मुलांकडून लिहवून घेऊ या. आणि आमचेही म्हणणे तपासून पाहण्याचा अधिकार मुलांना देऊ या.

अशा रीतीने शिकलेली मुले बाबासाहेबांचे नुसते नाव घेणार नाहीत, त्यांच्याप्रमाणे पुरावा मागतील. त्यांना याहून मोठे अभिवादन कोणते?

नमो बुद्धाय! जयभीम!