डॉक्टरांच्या दारी डॉक्टर

(जिल्ह्याच्या गावी भरलेल्या डॉक्टर व आरोग्य-कार्यकर्त्यांच्या संयुक्त मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या सभेत दोन बाजू समोरासमोर बसल्या आहेत. एकीकडे तालुक्याच्या गावी रुग्णालय चालवणारे तज्ज्ञ डॉक्टर आहेत, दुसरीकडे रुग्णांची गाऱ्हाणी घेऊन त्यांच्या दारात उभे राहणारे कार्यकर्ते. एरवी या दोघांची गाठ पडते ती बहुधा काही विपरीत घडल्यावर, आणि मग बोलणे कमी व आरोप जास्त होतात. म्हणून विपरीत घडण्यापूर्वी काय करता येईल, एवढ्याच प्रश्नापुरते मी आज बोलणार आहे.

वैद्यकीय महाविद्यालयात शिकत असताना तरुण डॉक्टरच्या प्रत्येक कृतीवर कोणाची तरी नजर असते. प्राध्यापक राउंडला येतात, रुग्ण दगावला तर विभागात चर्चा होते, शस्त्रक्रिया का केली याचे उत्तर द्यावे लागते. हाच डॉक्टर पदव्युत्तर पदवी घेऊन तालुक्याला येतो, कर्ज काढून दहा-पंधरा खाटांचे रुग्णालय बांधतो आणि त्या दिवसापासून तो एकटा पडतो. भूलतज्ज्ञ शेजारच्या गावाहून यावयाचा, रक्तपेढी जिल्ह्याला, आणि मध्यरात्री अडलेली बाळंतीण दारात. निर्णय त्याने एकट्यानेच घ्यावयाचा. तो बरोबर होता की चूक, हे सांगणारे कोणी नाही. अशी वीस वर्षे गेली की हाताला वळण लागते. ते चांगले असेल किंवा वाईटही असेल. ते कोणते, हे त्याचे त्यालाही कळत नाही. सरकारी ग्रामीण रुग्णालयातल्या तज्ज्ञाची स्थिती यापेक्षा निराळी नाही. उलट त्याच्या शेजारची पदे रिकामी असतात, ही भर.

शासन काहीच पाहत नाही असे नाही. १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे. गर्भलिंगनिदानाविरुद्ध १९९४ चा कायदा आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. महाराष्ट्र वैद्यकीय परिषदेकडे दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण करताना शिक्षणाचे गुणांक दाखवावे लागतात. पण या साऱ्यांतून नेमके काय पाहिले जाते? खाटांमधले अंतर, परिचारिकांची संख्या, सोनोग्राफीचे अर्ज, व्याख्यानाच्या सभागृहातली हजेरी. न्यायालय पाहते ते तर नुकसान झाल्यानंतर. इमारतीची तपासणी आणि अपघाताचा पंचनामा यांच्या मधोमध रोजचा वैद्यकीय व्यवहार असतो. तो पाहणारे कोणी नाही.

याची किंमत कोण देतो, हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले आहे. ऊसतोड कामगार स्त्रियांमध्ये गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण असाधारण असल्याचा बोभाटा २०१९ मध्ये झाला आणि डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या सर्वेक्षणात ८२ हजारांवर स्त्रियांची माहिती घेण्यात आली. त्यांपैकी १३ हजारांवर स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. पुष्कळ जणी ऐन पस्तिशी-चाळिशीच्या आतल्या होत्या. या प्रश्नाची मुळे उसाच्या फडात आहेत, हे आपण जाणतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, एका दिवसाच्या खाड्याला दंड, पाण्याची व आडोशाची सोय नाही. अशा जिण्यात पाळी म्हणजे संकट, आणि पोटातले दुखणे कायमचे काढून टाकणारा डॉक्टर म्हणजे सुटका वाटते. कारखानदारी आणि मुकादमी यांच्याविरुद्धचा लढा त्यासाठी चालूच राहिला पाहिजे.

परंतु शस्त्रक्रियागृहात कारखानदार नव्हता, डॉक्टर होता. नोंदणी झालेले रुग्णालय, पदवीधर शल्यविशारद, रुग्णाची सही असलेले संमतिपत्र. कागद सारे जागच्या जागी असू शकतात आणि तरीही शस्त्रक्रिया अनावश्यक असू शकते. आधी औषधे देऊन पाहिली का? पांढरे जाते म्हणून कर्करोगाची भीती घातली, तर पेशींची तपासणी केली होती का? अंडाशये ठेवली की तीही काढली? हे प्रश्न लिपिकाला सुचणार नाहीत, रुग्णाच्या नातेवाइकाला विचारता येणार नाहीत. ते फक्त दुसरा स्त्रीरोगतज्ज्ञ विचारू शकतो. बीडमध्ये पुढे जिल्हा शल्यचिकित्सकाच्या पूर्वपरवानगीची अट आली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी अमलात आणावीत असा आदेश दिला. त्यांत जिल्हा पातळीवर देखरेख समित्यांची तरतूद आहे. हे आवश्यकच होते. पण समिती आपल्याकडे आलेला कागद पाहते. कागदामागचा व्यवहार पाहावयाचा तर रुग्णालयात जावे लागते.

नेदरलँड्समध्ये तज्ज्ञ डॉक्टरांनी हीच वाट धरली. तिथे या पद्धतीला ‘व्हिझिटासी’ म्हणतात. विद्यार्थी-डॉक्टरांना शिकवण्यास एखादे रुग्णालय लायक आहे की नाही, हे पाहण्यासाठी पूर्वीपासून भेटी होत असत. १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून तज्ज्ञांच्या संघटनांनी ही रीत शिक्षण न देणाऱ्या रुग्णालयांनाही लागू केली. शतक संपेपर्यंत ती बहुतेक शाखांत पसरली आणि नव्या शतकात दर पाच वर्षांनी होणाऱ्या पुनर्नोंदणीशी जोडली गेली. पद्धत साधी आहे. त्याच शाखेचे तीन-चार डॉक्टर दुसऱ्या रुग्णालयांतून येतात. आधी प्रश्नावली भरून घेतलेली असते. मग दिवसभर ते नोंदी चाळतात. परिचारिकांशी, व्यवस्थापनाशी, रुग्ण पाठवणाऱ्या सामान्य डॉक्टरांशी बोलतात. अखेरीस शिफारशींसह अहवाल देतात. त्यात शिक्षा नसते. शिफारस करणे सोपे आणि ती अमलात आणणे अवघड, हा अनुभव त्यांनाही आला. म्हणून पुढे पाठपुराव्यावर आणि रुग्णांच्या मतावर भर देण्यात आला.

तो देश श्रीमंत आहे, आणि आकाराने महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढा. तिथे जमले ते इथे कसे जमावे, असे कोणी म्हणेल. मग आपल्याच देशातले केरळ पाहा. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या महासंघाने राज्य शासनाच्या साह्याने २००४ पासून बाळंतपणातील मृत्यूंचा गोपनीय आढावा सुरू केला. रुग्णाचे, डॉक्टरचे, रुग्णालयाचे नाव काढून टाकून समव्यवसायी प्रत्येक मृत्यूची कागदपत्रे वाचतात आणि तो टाळता आला असता का, हे ठरवतात. त्यातून निघालेले धडे अहवालरूपाने प्रसिद्ध होतात आणि त्यांवरून प्रशिक्षण आखले जाते. नाव झाकले म्हणून सत्य झाकले गेले नाही. उलट भीती गेली म्हणून ते बाहेर आले.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप डॉक्टरांचा: शेजारचा डॉक्टर माझे दप्तर पाहणार म्हणजे प्रतिस्पर्ध्याच्या हाती कोलीत. आक्षेप खरा आहे. शिवाय जिथे रुग्ण पाठवण्यामागे ‘कट’ची देवाणघेवाण चालते, तिथे शेजारी एकमेकांना सांभाळूनही घेतील. म्हणून पाहणारे दुसऱ्या जिल्ह्यातलेच असावेत, आणि कोणाकडे कोणी जावे हे स्थानिक संघटनेने ठरवू नये.

दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा: चोराने चोराचा न्याय करावा, असा हा प्रकार होईल, गोपनीयतेच्या पडद्याआड व्यवसाय आपले दोष दडवील. हाही आक्षेप मी हलका मानत नाही. शिकण्यासाठी गोपनीयता हवी, दडवण्यासाठी नको. तेव्हा दोन गोष्टी ठरल्या पाहिजेत. भेट झाली की नाही, कोणत्या बाबी पाहिल्या आणि वर्षभरात काय सुधारले, याचा सारांश रुग्णालयाच्या दर्शनी भागी लागावा. आणि रुग्णाच्या जिवाला सरळ धोका दिसला, तर भेटीला आलेल्यांवर तो परिषदेला कळवण्याचे बंधन असावे. तिथे गोपनीयता संपते. भेट देणाऱ्या पथकात एक अनुभवी परिचारिका असलीच पाहिजे. रुग्णालयात रात्री काय चालते, हे तिच्याइतके कोणाला कळते?

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: एकट्याच्या रुग्णालयातला डॉक्टर दोन दिवस परगावी गेला तर रुग्णालय बंद पडते. याला उत्तर शासनाने दिले पाहिजे. वैद्यकीय महाविद्यालयातील तज्ज्ञ त्या दिवसांपुरता बदली म्हणून पाठवावा. आणि आज व्याख्यान ऐकण्यासाठी जे गुणांक मिळतात, त्यांहून अधिक गुणांक भेट देण्याला आणि भेट घेण्याला मिळावेत. सुरुवात सक्तीने नको. एका जिल्ह्यात, एका शाखेपुरती, सरकारी व खासगी रुग्णालये मिळून व्हावी. खासगी डॉक्टरने सरकारी रुग्णालय पाहावे आणि सरकारी डॉक्टरने खासगी. दोघांचेही पुष्कळ गैरसमज त्याने निवळतील.

डॉक्टर मित्रांनो, अशा अहवालात तुमचे दोष येतील, तशा तुमच्या अडचणीही येतील. रक्त मिळायला तीन तास लागले, भूलतज्ज्ञ नव्हता, रुग्णवाहिका आली नाही, हे तुम्ही एकट्याने सांगितले तर ती सबब ठरते. तीन समव्यवसायींनी लिहून दिले तर तो शासनावरचा पुरावा होतो. रुग्ण दगावल्यावर दारावर येणारा जमाव पोलिसांच्या गाडीने एक दिवस थांबतो. या दवाखान्यात कोणीतरी जाणकार नियमाने येऊन पाहून जातो, हा विश्वास गावात रुजला तर तो जमणारच नाही.

आणि कार्यकर्ते मित्रांनो, चांगला डॉक्टर नशिबाने मिळावा ही मागणी आपली नव्हे. फडातून आलेली बाई ज्या दारात उभी राहील, त्या दारात तिला योग्य तोच उपचार मिळावा, आणि तो योग्य आहे हे पाहणारे डोळे तिथे पोहोचलेले असावेत, ही आपली मागणी आहे. ती या दोन्ही बाजूंनी मिळून केली, तरच पुरी होईल.