तेरीज जुळली तरी

हिशेबाच्या वह्या लिहिणाऱ्या माणसाचा वर्षातला सर्वांत सुखाचा क्षण कोणता? तेरजेच्या दोन्ही बेरजा जुळतात तो. नावे बाजू आणि जमा बाजू एकाच आकड्यावर येऊन थांबल्या की कारकून चहा मागवतो. असे पुष्कळ चहा मीही प्यायलो आहे. निवृत्तीनंतर मी घोडबंदर, काशिमीरा भागातल्या गृहनिर्माण संस्थांचे हिशेब बघून देतो. तिथे जुळलेली तेरीज समोर आली, की हल्ली मी जरा जास्तच चौकस होतो.

न जुळणारी तेरीज बिचारी प्रामाणिक असते. कुठेतरी चुकले आहे, एवढे ती सरळ सांगते. समजा, नावे बेरीज ९०० रुपयांनी कमी पडली. जुना मुनीम आधी बघणार, फरकाला नऊने पूर्ण भाग जातो का. जात असेल तर दोन आकड्यांची जागा बदलली असण्याचा संभव फार. रोखवहीत पहारेकऱ्याच्या पगाराचे ५,४०० बरोबर लिहिले, पण खतावणीत उतरवताना ४,५०० झाले. भाग जात नसेल, तर फरकाच्या निम्म्या रकमेची नोंद शोधायची. ती चुकून उलट्या बाजूला बसलेली असू शकते.

आणि लगेच सापडलेच नाही तर? तर ते ९०० रुपये तात्पुरते सस्पेन्स खात्याच्या नावे टाकायचे. आपला जुना शब्द उचंत खाते. चूक सापडली, की रोजकीर्दीत नोंद करायची : पगार खाते नावे ९००, उचंत खाते जमा ९००, आणि खाली एका ओळीत कारण. उचंत खाते शून्यावर येते. खाडाखोड नाही, पांढरा रंग फासणे नाही. ही रीत आजची नव्हे. लुका पाचोलीचा ग्रंथ १४९४ साली व्हेनिसमध्ये छापला गेला. चुकीच्या बाजूला पडलेल्या नोंदीवर त्याने हाच उपाय दिला आहे : तेवढीच रक्कम विरुद्ध बाजूला लिहा आणि खूण करा. चूकही दिसली पाहिजे, दुरुस्तीही.

आता बहुतेक संस्थांचे हिशेब संगणकावर असतात. टॅलीसारखी प्रणाली नावे आणि जमा समान असल्याशिवाय नोंद स्वीकारतच नाही. त्यामुळे ५,४०० चे ४,५०० होण्याचा प्रकार जवळजवळ संपला. सुरुवातीच्या शिलकाच चुकीच्या भरल्या तर फरक दिसतो, तेवढाच. पण म्हणून चुका संपल्या असे समजू नका. ज्या चुकांनी तेरीज बिघडत नाही, त्या तशाच राहिल्या. आणि माणसाला त्रास होतो तो त्यांचाच.

आमच्या भागातल्या एका संस्थेत एक वयस्क बाई एकट्या राहतात. दरमहा ३,२०० रुपयांचा धनादेश वेळेवर देतात. तरीही त्यांचे नाव थकबाकीदारांच्या यादीत लागले, जिन्याखालच्या फलकावर, येणाऱ्या-जाणाऱ्यांनी वाचावे असे. बाईंनी पासबुक पुढे केले. चारही धनादेश वटलेले. पदाधिकारी म्हणाले, आमची तेरीज जुळते आहे. जुळतच होती! २०४ क्रमांकाच्या सदनिकेचे पैसे चार महिने ४०२ च्या खात्यात जमा होत होते. बँकेत पैसे आले, कुणाच्या तरी नावावर जमा झाले. बेरजेला आणखी काय हवे? ४०२ च्या गृहस्थांच्या देयकावर जादा जमा दिसत होती, पण त्यांनी कधी चौकशी केली नाही. देयक जास्त आले तर माणूस रात्री दहालाही दार वाजवतो. कमी आले तर महिनोन्महिने भेटत नाही.

अशा चुकीला उचंत खात्याची गरजच नाही. दोन्ही खाती माहीत आहेत. ४०२ च्या नावे १२,८००, २०४ कडे जमा १२,८००. एवढ्यावर मात्र थांबता येत नाही. २०१४ च्या आदर्श उपविधींत थकबाकीवर वार्षिक २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याजाची मुभा होती, आणि या संस्थेने ते पुरेपूर लावले होते. चार महिन्यांचे ५६० रुपये झाले. म्हणून दुसरी नोंद : व्याज उत्पन्न नावे ५६०, २०४ कडे जमा ५६०. शिवाय समितीच्या इतिवृत्तात ठराव आणि फलकावर, त्याच जागी, दुरुस्तीची सूचना. शेवटच्या मुद्द्यावर बरीच कुरकुर झाली. मी हटलो नाही.

वर्ष बंद झाल्यावर अशी चूक निघाली, तर ते व्याज मागच्या वर्षाच्या शिलकीत गेलेले असते. मग दुरुस्ती संचित वाढाव्यातून करावी लागते. लेखापरीक्षकाने दोष दाखवला असेल, तर १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ८२ प्रमाणे तो दुरुस्त करून तीन महिन्यांत अहवाल द्यावा लागतो. अनेक संस्था या ‘ओ’ नमुन्यात दरवर्षी ‘यापुढे काळजी घेऊ’ एवढेच लिहितात. त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत.

उचंत खात्याचा खरा उपयोग आता वेगळ्याच जागी होतो. सभासद मोबाइलवरून पैसे पाठवतात आणि सदनिकेचा क्रमांक लिहायला विसरतात. पैसे बँकेत आले, कुणाचे ते कळत नाही. अशी रक्कम उचंत खात्यात जमा करणे योग्यच. पण काही खजिनदार वर्षअखेरीला ती ‘इतर उत्पन्न’ म्हणून दाखवतात, म्हणजे ताळेबंद स्वच्छ दिसतो. हे मला मान्य नाही. जमा बाजूचे उचंत हे कुणाचे तरी देणे आहे, आणि त्याच वेळी दुसऱ्या पानावर तोच माणूस थकबाकीदार ठरत असतो.

त्याच संस्थेत अशा पाच रकमा निघाल्या. आम्ही फलकावर फक्त तारखा लावल्या, रकमा लावल्या नाहीत. ज्याला आपली रक्कम सांगता येईल त्याने पासबुक घेऊन यावे. आठवड्यात चौघे आले. पाचवी रक्कम अजून उचंत खात्यातच, देण्याच्या बाजूला उभी आहे. किती, ते अर्थातच इथे सांगत नाही.