डोंगर पोखरून अंधार

'स्पेस माउंटन'मधून धापा टाकत बाहेर आलेल्या माणसाला राइडचा वेग विचारला, तर तो खऱ्यापेक्षा बराच मोठा आकडा सांगण्याची शक्यता जास्त. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधल्या या राइडचा कमाल वेग ताशी जेमतेम ४५ किलोमीटर आहे. विरारची फास्ट लोकल याच्या दुपटीनं पळते. माणसाला उलटं टांगणारा एकही फेरा या राइडमध्ये नाही. तरी लोक जिवाच्या आकांतानं ओरडतात. या ओरडण्याची तयारी इमारतीच्या छतापासूनच केलेली आहे.

कल्पना वॉल्ट डिस्ने यांची, १९६०च्या दशकातली. पण अंधारात एकाच रुळावर अनेक गाड्या सांभाळेल असं तंत्र तेव्हा हाताशी नव्हतं. डिस्ने १९६६ मध्ये गेले. डोंगर उभा राहिला तो १५ जानेवारी १९७५ रोजी. मर्क्युरी मोहिमेतले अंतराळवीर गॉर्डन कूपर यांचा सल्लाही कामी आला.

इमारतीचं रूप जॉन हेंच यांचं. एरवी छताचे वासे आतून दिसतात. हेंच यांनी काँक्रीटचे ७२ वासे बाहेर काढले. लांबून पाहणाऱ्याला ते शोभेचे वाटतात. वर निमुळते होत गेल्यामुळे डोंगर आहे त्याहून उंच भासतो. खरा फायदा आत आहे. घुमट आतून सपाट राहिला आणि प्रोजेक्टरनं टाकलेल्या ताऱ्यांना अखंड आभाळ मिळालं. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९७७ साली दुसरा डोंगर बांधताना अडचण वेगळीच होती: बाग लहान, शेजारचा किल्ला छोटेखानी. डोंगरानं तो झाकोळू नये म्हणून इमारतीचा तळच जमिनीत खाली उतरवला.

फ्लोरिडातला डोंगर बागेभोवती फिरणाऱ्या आगगाडीच्या रुळांपलीकडे आहे. रांग रुळांखालच्या बोगद्यातून जाते, आणि आत जावं तसा उजेड कमी होत जातो. इथे 'स्टारपोर्ट सेव्हन-फाइव्ह' असं नाव आढळतं. ते वाचून कुणाला दूरच्या ग्रहावरचा तळ आठवेल. ते आहे उद्घाटनाचं साल.

रॉकेटमध्ये माणसं एकामागे एक बसतात, त्यामुळे शेजारी धीर द्यायला कुणी नाही. निळ्या दिव्यांच्या लखलखाटातून गाडी चढावर येते. तिथे यानाची दुरुस्ती करणारे अंतराळवीरांचे पुतळे लक्ष वेधून घेतात. मग काळोख. उघड्यावरच्या कोस्टरमध्ये पुढचा उतार दिसतो, शरीर सावरून बसतं. इथे वळण कळतं ते खांदा बाजूला आपटल्यावर.

याच अंधारात पुढेमागे आणखी रॉकेटं धावत असतात. रुळांचे भाग पाडलेले असतात आणि एका भागात एका वेळी एकच रॉकेट. पुढच्यानं भाग सोडल्याशिवाय मागच्याला प्रवेश नाही. ब्रेक त्याला धरून ठेवतात. डिस्नेलँडमधल्या मॅटरहॉर्न राइडवर १९५९ मध्येच ही पद्धत आली होती. स्पेस माउंटनमध्ये तिच्यावर संगणकाची देखरेख आली. कधी खाली उतरणाऱ्या कुणाचा खोळंबा होतो आणि मागची रॉकेटं एकेक करून थांबतात. कामाचे दिवे लागले की आभाळ नाहीसं होतं. दिसतात ते लोखंडी खांब, अरुंद जिने, एकमेकांवरून गेलेले रूळ. फ्लोरिडात 'पीपलमूव्हर' नावाची संथ गाडी याच इमारतीतून जाते. तिच्यातल्यांना कधीमधी हे दर्शन फुकटात घडतं.

डोळे बंद केले की कान उरतात, हे पॅरिसच्या डिस्नेलँडवाल्यांनी १९९५ साली हेरलं. ज्यूल व्हर्नच्या चंद्रप्रवासावर बेतलेल्या तिथल्या डोंगरात प्रवाशाला भल्या मोठ्या तोफेतून डागल्यासारखं वर फेकलं जाई, आणि स्टीव्ह ब्रॅमसन यांचं संगीत आसनातल्या स्पीकरमधून रुळांच्या चढउताराबरहुकूम वाजे. पुढच्या वर्षी कॅलिफोर्नियातल्या रॉकेटांतही गिटारवादक डिक डेल यांनी वाजवलेली धून आली.

पुण्या-मुंबईच्या माणसाला अशा अंधाराचा अनुभव घ्यायला अमेरिका गाठायची गरज नाही. खोपोलीजवळच्या इमॅजिकात 'डीप स्पेस' आहे. तिथे सावकाश चढ नाही. पॅरिससारखीच गाडी सुरुवातीलाच झटक्यानं सुटते.