चोरघाम
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



घरगुती औषधांवर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. मी वैद्यही नाही आणि डॉक्टरही नाही. घरात कुणी शिंकले की काढ्याचे भांडे चुलीवर चढविणाऱ्या बायका असतात, त्यांतली मी एक. म्हणून काय काय बरे केले हे न सांगता, एकदा कुठे चुकले ते सांगणार आहे. विषय घामाचा आहे. सभेत बोलायला जरा संकोच वाटतो. पण वाशीमच्या वैशाखात पारा चाळीसच्या पुढे गेला म्हणजे हा विषय कुणाच्या अंगावर नसतो?

आपल्याकडे घामावरचे औषध म्हणजे वाळा. माठात त्याची जुडी, दिवाळीच्या उटण्यात त्याची पूड आणि पूर्वी खिडकीला त्याची ताटी. संस्कृतात याला उशीर म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात कोणत्या कामाला कोणते द्रव्य श्रेष्ठ, ते सांगितले आहे. तेथे दाह, त्वचेचे दोष आणि घाम घालविणाऱ्या लेपांत लामज्जक व उशीर यांना पहिला मान दिला आहे. लेपांत, हे ध्यानात असू द्या. मी मात्र हे ध्यानात न घेता वाळ्याचे पाणी सकाळ-संध्याकाळ पाजत असे.

२०१९ सालच्या होळीनंतरची गोष्ट. माझी धाकटी जाऊ एके सकाळी म्हणाली, “बाई, रात्री लय घाम येते वो. पोलकं पिळून काढावं इतका.” मी म्हटले, “काहून घाबरतेस? उन्हाळाच तसा आहे.” आणि वाळा भिजत घातला. चैत्र गेला, वैशाख गेला. तिला बारीक खोकला होता, त्याला अडुळसा दिला. पोलकी सैल होऊ लागली, तर मी म्हटले, उन्हाळ्यात अन्न जात नाही. संध्याकाळी अंग कोमट लागायचे, त्यालाही माझ्याजवळ उत्तर होते. प्रत्येक गोष्टीला उत्तर असणे हाच माझा दोष.

मग मृग लागला. पाऊस पडला, रात्री गार झाल्या, आम्ही सगळे चादरी पांघरू लागलो. आणि तिची उशी मात्र पहाटे ओलीच! तेव्हाही मी वाळा बंद केला नाही. आमच्या भागातल्या आशाताई घरोघर विचारपूस करीत आल्या. त्यांनी दोनच प्रश्न विचारले: खोकला किती दिवसांचा? रात्री घाम येतो का? जाऊने माझ्याकडे पाहिले. उत्तर मला द्यावे लागले. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. क्षय निघाला.

औषधे फुकट मिळाली, सहा महिने घेतली. आहारासाठी सरकारकडून तेव्हा महिन्याला पाचशे रुपये खात्यात येत. नोव्हेंबर २०२४ पासून ते हजार झाले. घरातल्या पोरांसकट आम्हां सर्वांची तपासणी झाली. कुणाला काही निघाले नाही, ही देवाची कृपा. माझी हुशारी नव्हे. तीन महिने ती त्याच घरात, पोरांजवळ निजत होती.

यानंतर घामाविषयी जे हाती लागेल ते मी वाचू लागले. त्यात चिनी वैद्यकाची माहिती सापडली. ते लोक घामाचे दोन प्रकार मानतात. दिवसा, श्रमावाचून आपोआप येणारा एक. दुसऱ्याचे नाव ऐकून मी पुस्तक खाली ठेवले. त्याला ते चोरघाम म्हणतात! झोप लागली की चोरासारखा येतो, जाग आली की पळून जातो. माझ्या घरात चोर शिरला होता आणि मी वाळ्याची ताटी लावून बसले होते.

त्यांची औषधेही ऐकण्यासारखी आहेत. हुआंग-ची नावाचे एक मूळ आहे. झाड आपल्या तूर-हरभऱ्याच्याच कुळातले. आणखी दोन मुळ्यांबरोबर त्याचे चूर्ण आपोआप येणाऱ्या घामावर देतात. दुसरे औषध तर तुमच्या आमच्या सुपातले आहे. गहू धुताना वर तरंगतात ते पोचट दाणे आपण कोंबड्यांना टाकतो ना? तेच चिनी वैद्य घामावर देतात, आणि त्याचे नावच ‘तरंगता गहू’ असे आहे. तिसरे मा-हुआंग. या झुडपाच्या काड्या घाम आणतात आणि त्याच झुडपाचे मूळ घाम थांबविते, असे त्यांचे शास्त्र सांगते. काड्यांतले एफेड्रिन जपानच्या नागाई नावाच्या शास्त्रज्ञाने १८८५ साली वेगळे काढले. पुढे अमेरिकेत वजन उतरविण्यासाठी लोक त्या वनस्पतीच्या गोळ्या घेऊ लागले; हृदयाला धोका दिसून आला, तेव्हा २००४ साली तेथील सरकारने त्यांवर बंदी घातली. झाडपाला म्हणजे निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांत मीही होते.

हे मागवून घ्या, असे मी मुळीच म्हणत नाही. मला त्यांची एकच गोष्ट घेण्यासारखी वाटली: औषध देण्याआधी ते घाम दिवसाचा की रात्रीचा, हे विचारतात.

आपल्यालाही एवढे विचारता येईल. कित्येक मुलींच्या तळहातांना लहानपणापासून घाम येतो, परीक्षेत कागद भिजतो. पण झोपेत तो थांबतो. त्याचा त्रास खरा, भीती नाही. त्यावर डॉक्टरांकडे उपायही आहेत. पाळी जाण्याच्या वयात अंगातून एकदम वाफ निघाल्यासारखे होऊन घाम सुटतो, रात्रीही सुटतो. आपण तो लाजेने लपवितो. घामाबरोबर हात कापत असतील, छाती धडधडत असेल, वजन उतरत असेल तर थायरॉइड तपासावे. मधुमेहाची गोळी किंवा इंजेक्शन घेणाऱ्या बाईला दरदरून घाम फुटला, तर शुद्धीवर असेल तोवर आधी साखर द्यावी. छातीत दुखून थंड घाम आला तर गाडी बोलवावी. त्या वेळी काढा करीत बसू नये. आणि अंथरूण भिजविणारा रात्रीचा घाम, सोबत दोन आठवड्यांवर खोकला, बारीक ताप, उतरणारे अंग असेल तर थुंकी तपासावी. त्याला पैसा लागत नाही. लागते ती लाज सोडणे, आणि ती बाईपेक्षा घरच्यांनाच जास्त सोडावी लागते. ‘लोक काय म्हणतील’ हे आमच्याही घरात आधी मीच म्हटले होते.

जाऊ आज येथेच बसली आहे. तिला विचारूनच मी हे सांगितले. गेल्या उन्हाळ्यात ती बाजारातून वाळ्याच्या दोन जुड्या घेऊन आली. एक माझ्या हाती दिली आणि म्हणाली, “बाई, हे माठासाठी हाय बरं. मला नाही पाजायचं.”